‘की’ या शब्दाचा जुडगा

‘तिने सांगितलं की हरवली.’ हे वाक्य दोनदा वाचावं लागतं. कोणी वाट चुकल्याची बातमी आहे, की दाराची किल्ली सापडत नाही, ते पहिल्या वाचनात कळत नाही. इंग्रजी ‘की’ देवनागरीत उतरवला की तो आपल्या रोजच्या ‘की’सारखाच दिसतो. तोच क, तीच दीर्घ वेलांटी. म्हणून हा शब्द मराठीत बहुधा जोडीदार घेऊन आला: कीबोर्ड, कीपॅड, कीचेन, मास्टर-की. एकटा लिहायचा झाला तर त्याला अवतरणचिन्हांत ठेवावं लागतं, आणि या लेखातही तो तसाच येईल.

ही लिहिण्यातली अडचण झाली. खरी अडचण अर्थाची आहे. इंग्रजीत तीन अक्षरांचा हा एक शब्द जिथे जिथे येतो, तिथे मराठीत किल्ली, चावी, कळ, पट्टी, सूची, तालिका, मर्म, गुरुकिल्ली, असा अख्खा जुडगा हातात घ्यावा लागतो. भाषांतर करणारे बरेचदा पहिली सापडेल ती किल्ली लावून मोकळे होतात, आणि मग ‘किल्ली भूमिका’, ‘प्राथमिक किल्ली’ असे शब्द छापून येतात. कुठला मराठी शब्द लागेल हे शब्दकोशातल्या क्रमावरून ठरत नाही. ती ‘की’ तिथे नेमकं काय काम करते हे बघावं लागतं. उघडते, जुळते, दाबली जाते, धरून ठेवते, की फक्त ओळख पटवते?

मुळात हा शब्द इंग्रजीतही जरा एकाकी आहे. जुन्या इंग्रजीत तो होता, फ्रिजियन या शेजारच्या भाषेत त्याचा भाऊबंद आहे, पण त्यापलीकडे त्याचं मूळ लागत नाही. जर्मनमध्ये किल्लीला ‘श्ल्युसेल’ म्हणतात आणि तो शब्द बंद करण्याच्या क्रियापदावरून आला आहे. डच ‘स्लोटेल’चंही तेच. इंग्रजी ‘की’मध्ये असं काहीच उघडून दिसत नाही. त्याचा उच्चारही पूर्वी बहुतेक ठिकाणी ‘के’च्या जवळ होता, आजचा ‘की’ हा उत्तरेकडचा उच्चार साधारण 1700च्या सुमारास सगळीकडे रूढ झाला. स्पेलिंग मात्र जुनंच राहिलं. बोटी लागतात त्या धक्क्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचाही उच्चार ‘की’च, पण तो जुन्या फ्रेंचमधून आलेला वेगळा शब्द. फ्लोरिडाच्या टोकाशी ‘फ्लोरिडा कीज’ नावाची बेटांची रांग आहे, तिथेही किल्ल्यांचा काही संबंध नाही. ते स्पॅनिश ‘कायो’चं, म्हणजे लहान सखल बेटाचं रूप. ‘की वेस्ट’ हे स्पॅनिश नाव ‘कायो उएसो’, म्हणजे हाडांचं बेट, याचं इंग्रजी कानांना ऐकू आलेलं रूप आहे. तिथे ‘पश्चिम किल्ली’ असं भाषांतर करणाऱ्याचा दोष शब्दाच्या माहितीचा नाही, चौकशी न करण्याचा आहे.

आपली ‘चावी’ मात्र दुसऱ्या घराण्यातली. ती पोर्तुगीज ‘शाव्ह’वरून आली आणि तो शब्द लॅटिन ‘क्लाविस’चा वंशज. त्याच क्लाविसमधून संगीतलिपीत ओळींवरच्या स्वरांची जागा ठरवणारं ‘क्लेफ’ हे चिन्ह आलं, गळ्याजवळच्या हाडाचं ‘क्लॅव्हिकल’ म्हणजे ‘लहान किल्ली’ हे नाव आलं आणि कुलूपबंद खोलीत बसून पोप निवडणाऱ्यांच्या सभेचं ‘कॉन्क्लेव्ह’ही. म्हणजे शरीरशास्त्राच्या पुस्तकातलं गळपट्टीचं हाड आणि आपल्या खिशातली चावी ही एका आजीची नातवंडं आहेत, आणि इंग्रजी ‘की’ त्या घरातली नाही.

आता खऱ्या, धातूच्या किल्लीकडे जवळून बघू, कारण बाकी सगळे अर्थ तिच्यावर उभे आहेत. दाराच्या साध्या लॅचमध्ये एक गोल दांडा असतो, जो फिरतो, आणि त्याच्याभोवती न फिरणारं घर असतं. दोघांना आरपार जाणारी पाच किंवा सहा भोकं असतात. प्रत्येक भोकात दोन पिना, एकीवर एक, आणि त्यांच्यावर स्प्रिंग. किल्ली नसताना स्प्रिंग वरच्या पिनांना खाली ढकलते, त्या अर्ध्या घरात आणि अर्ध्या दांड्यात अडकून बसतात, आणि दांडा फिरत नाही. योग्य किल्ली आत गेली की तिच्या प्रत्येक खाचेवर खालची पीन टेकते आणि बरोबर एवढीच उचलली जाते की दोन पिनांमधला सांधा दांडा आणि घर यांच्या सीमेवर येतो. पाचही सांधे एका रेषेत आले की दांडा सुटा होतो. एक खाच जास्त खोल गेली तर वरची पीन दांड्यात लोंबत राहते; उथळ राहिली तर खालचीच पीन वर घरात घुसते. दोन्हींचा परिणाम एकच, कुलूप उघडत नाही. खाच किती खोल, याच्या एका पायरीपासून दुसरीपर्यंतचं अंतर साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. लाकडाच्या पिनांवर चालणारी याच तत्त्वाची कुलपं प्राचीन इजिप्तमध्ये होती; आजची चपटी किल्ली आणि तिचं सुटसुटीत कुलूप अमेरिकेत लायनस येल ज्युनियर यांनी 1860च्या दशकात पेटंट करून घेतलं.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी की किल्लीत ताकद नसते. दार उघडायचा जोर मनगट लावतं. किल्ली फक्त जुळते. म्हणूनच नकलेवरून नक्कल काढत गेलं की घोटाळा होतो: प्रत्येक वेळी कटरचा थोडा फरक पडतो, झिजलेल्या किल्लीचा झिजलेपणाही नकलेत उतरतो, आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीत पिनांचे सांधे रेषेवर येईनासे होतात. नक्कल नेहमी मूळ किल्लीवरून काढावी. कुलूप जड झालं म्हणून त्यात तेल सोडण्याची सवय अशीच घातक, कारण तेलाला धूळ चिकटते आणि त्या चिकट लगद्यात पिना अडकतात. कोरडी ग्राफाइट पूड चालते.

मास्टर-कीचं रहस्यही या पिनांतच आहे. एका कुलपाला दोन वेगळ्या किल्ल्या लागाव्यात म्हणून दोन पिनांच्या मध्ये एक पातळ चकती घालतात. त्यामुळे त्या भोकात एकाऐवजी दोन सांधे तयार होतात. पाचही भोकांत अशी चकती घातली तर दोन गुणिले दोन असं पाच वेळा, म्हणजे 32 वेगवेगळ्या किल्ल्यांनी ते कुलूप फिरतं, आपल्याला हव्या होत्या त्या दोनच असल्या तरी. सगळी दारं उघडणारी किल्ली प्रत्येक दार थोडं कमकुवत करून मगच मिळते. ‘गुरुकिल्ली’ हा आपला सुंदर शब्द भाषणांत आणि मथळ्यांत फार स्वस्त झाला आहे. ‘यशाची गुरुकिल्ली’ लिहिण्याआधी, हे एकच उत्तर खरोखर अनेक दारं उघडतं का, एवढं विचारून बघावं. एकच दार उघडत असेल तर ती साधी किल्ली आहे.

या ‘जुळण्या’तून अर्थांचा मोठा गट निघतो. परीक्षेची ‘आन्सर की’ ही उत्तरतालिका किंवा उत्तरसूची. तपासणारा तिच्याशी ताडून बघतो. नकाशाच्या कोपऱ्यातली ‘की’ ही खुणांची सूची. तुटक रेघ म्हणजे पाऊलवाट, निळी म्हणजे नदी, अशी चिन्ह आणि अर्थाची जोडी तिथे लावलेली असते. शब्दकोशाच्या सुरुवातीची उच्चारांची ‘की’ही तशीच. फ्रेंचमध्ये ज्या कादंबऱ्यांत खरी माणसं खोट्या नावांनी वावरतात त्यांना ‘किल्लीची कादंबरी’ म्हणतात, कारण कोणतं पात्र म्हणजे कोण याची यादी हातात असली तरच ती पुरती वाचता येते.

वनस्पती ओळखण्याच्या ‘की’ची मात्र थोडी वेगळी चाल आहे आणि ती सांगण्यासारखी आहे. तिथे दोन-दोन विधानांच्या जोड्या असतात. पानं समोरासमोर आहेत, की एकाआड एक? समोरासमोर असतील तर अमुक क्रमांकाच्या जोडीकडे जा, नसतील तर तमुक. अशा दहा-बारा फाट्यांनंतर एका नावापाशी पोचता येतं. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांनी फ्रान्सच्या वनस्पतींवरच्या 1778च्या ग्रंथात ही पद्धत वापरली. अशी ‘की’ चांगली होण्यासाठी जोडीतली दोन विधानं एकमेकांना पूर्ण छेद देणारी हवीत. ‘पान मोठं’ आणि ‘पान मध्यम’ अशी जोडी कुचकामी; ‘10 सेंटिमीटरपेक्षा लांब’ आणि ‘10 सेंटिमीटर किंवा त्याहून आखूड’ अशी हवी. आणि चूक झाली तर ती शेवटी कळते. दुसऱ्याच फाट्यावर चुकीचं वळण घेतलेला माणूस पुढचे सगळे प्रश्न प्रामाणिकपणे सोडवून भलत्याच झाडाच्या नावाशी पोचतो. म्हणून जाणकार शेवटी मिळालेल्या नावाचं पूर्ण वर्णन पुन्हा झाडाशी ताडतात. अशा ‘की’ला ‘सूची’ म्हटलं तर तिच्यातली वाटचाल हरवते. ‘ओळखीच्या पायऱ्या’ असं म्हटलेलं मला जास्त पटतं.

(वनस्पतींचा विषय निघालाच आहे तर, ॲश आणि मेपल या झाडांच्या पंख असलेल्या फळांनाही इंग्रजीत ‘कीज’ म्हणतात, कारण ती किल्ल्यांच्या जुडग्यासारखी लोंबतात. तिथे ‘पंखफळ’ म्हणावं आणि पुढे जावं.)

संगीतात हा शब्द दोन जागी येतो आणि दोन्हीकडे मराठीत आधीच एक शब्द तयार आहे: पट्टी. पियानोवर 88 पट्ट्या असतात, 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या. आणि गायक ‘माझी पट्टी काळी चार’ म्हणतो तेव्हा तो आपल्या षड्जाची जागा सांगत असतो. इंग्रजीतही बोटाखालची ‘की’ आणि गाण्याची ‘की’ एकच शब्द आहे. मध्ययुगीन युरोपात स्वरांच्या अक्षरखुणांना ‘क्लाविस’ म्हणत, आणि त्याचं भाषांतर म्हणूनच इंग्रजी ‘की’ वाद्याच्या पट्टीपर्यंत आला. दोन भाषा वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी आल्या, पण अगदी एकाच नाही. आपली पट्टी फक्त ‘सा’ कुठे ते सांगते. पाश्चात्त्य ‘की’ आधारस्वर सांगते आणि त्याबरोबर, तिकडच्या दोन मुख्य स्वरसंचांपैकी मेजर घ्यायचा का मायनर, हेही सांगते. ‘सी मेजर’ आणि ‘ए मायनर’ या दोन्ही ‘कीज’मध्ये वाजणारे मूळ स्वर सगळे पांढऱ्या पट्ट्यांवरचेच आहेत, फरक आहे तो घर कुठलं मानायचं याचा. म्हणून ‘सी मेजरमध्ये’ याला ‘पांढरी एकमध्ये’ म्हणणं अर्धंच खरं. ‘ऑफ की’ला बेसूर म्हणावं, इतकं सरळ. ‘लो-की’ मात्र संगीतातून निघून माणसांच्या वागण्याला जाऊन चिकटला: गाजावाजा न करणारा, साधेपणाने पार पाडलेला. तिथे ‘कमी पट्टीचा’ म्हटलं तर कोणालाही बोध होणार नाही.

यानंतर दाबायची ‘की’. इथे मराठीचा ‘कळ’ हा शब्द मला मनापासून आवडतो. किल्ली आणि कळ यांच्यातला भेद इंग्रजीकडे नाही. किल्ली वेगळी असते, ती आणून घालावी लागते, खिशात राहते, हरवते. कळ यंत्राचाच भाग असते. ती दाबली किंवा फिरवली की दुसरीकडे काहीतरी हलतं. टाइपरायटरवर हे डोळ्यांना दिसायचं: बोटाखाली कळ दबली की दांडी उसळून फितीवर आदळायची. ‘शिफ्ट’ नावाची कळ त्या काळी खरोखरच सरकवायची. एका दांडीवर दोन अक्षरं, खाली लहान लिपीतलं, वर मोठ्या. रेमिंग्टनच्या 1878च्या यंत्रात ही कळ दाबली की कागदाचा अख्खा गाडा सरकून दुसरं अक्षर समोर यायचं. आज काही सरकत नाही, नाव राहिलं. इंग्रजीत कीबोर्डवरच्या तुकड्याला ‘की’ म्हणतात आणि माउसवरच्या किंवा पडद्यावरच्या चौकोनाला ‘बटन’. मराठी सूचना लिहिताना हा फरक पाळला तर वाचणारा चुकत नाही: कळ दाबा, बटनावर क्लिक करा. ‘कळफलक’ हा कीबोर्डचा मराठी प्रतिशब्दही म्हणूनच नेमका आहे.

आणखी एक ‘की’ आहे जी उघडत नाही, दाबली जात नाही. ती धरून ठेवते. यंत्रातल्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, पुली किंवा गिअर बसवतात तेव्हा दोघांत समोरासमोर खाच पाडतात आणि त्या खाचेत पोलादाचा एक चौकोनी तुकडा बसवतात. तो तुकडा म्हणजे ‘की’ आणि ती खाच म्हणजे ‘की-वे’. तिची रुंदी साधारण शाफ्टच्या व्यासाच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतकी. 40 मिलिमीटरच्या शाफ्टला प्रमाणित ‘की’ 12 मिलिमीटर रुंद आणि 8 मिलिमीटर उंच लागते. ती मुद्दाम शाफ्टपेक्षा मऊ ठेवतात. यंत्र अचानक अडकलं तर आधी हा स्वस्त तुकडा कातरला जावा, शाफ्ट आणि गिअर वाचावेत. कोणी तुटलेल्या ‘की’च्या जागी हाती लागलेला कठीण पोलादाचा तुकडा ठोकला, तर पुढच्या वेळी शाफ्टच जातो. आणि ‘की’ सैल बसली तर दर सुरू-बंदला ती खाचेच्या कडांवर आदळते, कडा गोल होतात, आणि मग नवी ‘की’ही तिथे घट्ट बसत नाही.

कमानीचा ‘कीस्टोन’ही याच जातीचा. माथ्यावरचा तो पाचरीसारखा दगड शेवटी बसतो, आणि तो बसेपर्यंत सगळी कमान खालच्या लाकडी आधारावर उभी असते. तो सगळ्यांत जास्त भार उचलतो असं समजलं जातं; तसं नसतं. कमानीतला कोणताही दगड काढला तरी ती कोसळते. त्याचं महत्त्व शेवटी येण्यात आहे: तो बसला की आधार काढता येतो. गिलाव्याचीही ‘की’ असते. भिंत खरबरीत केली की गिलावा तिच्या खाचाखोचांत शिरून धरतो. गुळगुळीत काँक्रीटवर तसाच मारला तर वाळल्यावर पापुद्र्यासारखा सुटतो. इथे मराठीत ‘पकड’ म्हणावं. किल्लीचा विचारही मनात आणू नये.

विशेषण म्हणून ‘की’ आज वर्तमानपत्रांतून सर्वांत जास्त वाचनात येतो: ‘की इश्यू’, ‘की रोल’, ‘की विटनेस’. या अर्थाची वाट लष्करी जागांवरून जाते. ज्या किल्ल्यावर ताबा मिळाला की पुढचा सगळा प्रदेश मोकळा होतो, तो त्या प्रदेशाची ‘की’. जिब्राल्टरला 1502 मध्ये स्पेनची राणी इसाबेला हिने दिलेल्या मुद्रेत किल्ल्याच्या दारातून एक किल्ली लोंबताना दाखवली आहे. भूमध्य समुद्राचं तोंड ज्या खडकाखाली आहे त्याचं हे नेमकं चित्र आहे. म्हणजे ‘की’ विशेषणाचा जुना अर्थ ‘ज्यावर बाकीचं अवलंबून आहे तो’ असा. आता तो ‘महत्त्वाचा’ इतका पातळ झाला. मराठीत ‘कळीचा मुद्दा’ अजून जुनी धार राखून आहे. वादातला एक मुद्दा सुटला की बाकीचे आपोआप सुटतात, त्याला कळीचा म्हणावं. दहा मुद्द्यांच्या यादीला ‘दहा कळीचे मुद्दे’ हे शीर्षक देऊ नये. तिथे ‘ठळक मुद्दे’ किंवा ‘मुख्य मुद्दे’ पुरतात.

इंग्रजी लिहिणाऱ्या मराठी माणसाची एक चूक इथे सांगायलाच हवी, कारण ती व्याकरणाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. आपण ‘दाराची किल्ली’ म्हणतो, ‘ची’ लावतो, म्हणून हात ‘की ऑफ द डोअर’ लिहितो. इंग्रजीत ‘की टू द डोअर’ असतं. उत्तर, उपाय, दार, वाट हे शब्दही इंग्रजीत असाच ‘टू’ घेतात, कारण ते कुठेतरी नेतात. आणि या ‘टू’पुढे क्रियापद आलं तर ते ‘-इंग’ रूपात: ‘द की टू लर्निंग’. ‘द की टू लर्न’ नाही, कारण हा ‘टू’ क्रियापदाचा नसून दिशेचा आहे. सोपी परीक्षा अशी: क्रियापदाच्या जागी नाम ठेवून बघा. ‘द की टू सक्सेस’ चालतं, म्हणजे तिथे नामासारखंच रूप हवं. ‘ऑफ’ येतो तो मुख्यतः संगीतात: ‘इन द की ऑफ सी’.

राहिली संगणकातली ‘की’, आणि तिथेच सर्वांत जास्त गोंधळ आहे. डेटाबेसमधली ‘प्रायमरी की’ काही उघडत नाही. ती तक्त्यातल्या प्रत्येक ओळीची एकमेव खूण असते; दोन ओळींना सारखी असून चालत नाही आणि रिकामी राहून चालत नाही. माणसाचं नाव म्हणूनच वाईट ‘की’ ठरतं: दोघांचं नाव सारखं असू शकतं, आणि एकाचंच नाव बदलू शकतं. तिला ‘ओळखखूण’ म्हटलं तर विद्यार्थ्याच्या डोक्यात कुलूप शिरत नाही.

गुप्तलेखनात मात्र ‘की’ पुन्हा खऱ्या किल्लीजवळ येते. अक्षरं तीन घरं पुढे सरकवून लिहिलेल्या मजकुराची किल्ली म्हणजे ‘तीन’ हा आकडा. इंग्रजी वर्णमालेत अशा किल्ल्या फक्त 25, एका संध्याकाळी सगळ्या लावून बघता येतात. डच भाषातज्ज्ञ ऑगुस्त केर्कहॉफ्स यांनी 1883 मध्ये मांडलेला नियम आजही पाळला जातो: कुलपाची रचना शत्रूला कळली तरी चालेल, किल्ली कळता कामा नये. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतींत 128 बिटांची, म्हणजे 128 शून्य-एकांची, किल्ली असते, आणि अशा शक्य किल्ल्यांची संख्या 39 अंकी आहे.

मग 1976 मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ‘पब्लिक की’ची कल्पना प्रसिद्ध केली आणि किल्लीचं रूपक उलटं झालं. तिचं ‘सार्वजनिक किल्ली’ हे भाषांतर वाचून कोणालाही वाटेल की ही सगळ्यांना वाटलेली, दार उघडणारी किल्ली. ती उघडत नाही. ती बंद करते. उघड्या कुलपांची रास चौकात ठेवावी, ज्याला पत्र पाठवायचं त्याने एक उचलून पेटीला लावावं आणि खटका दाबावा. उघडायची किल्ली एकाच माणसाच्या खिशात, तिला ‘प्रायव्हेट की’ म्हणायचं. पेटी बंद करणाऱ्यालाही ती पुन्हा उघडता येत नाही. डिजिटल सहीत हे काम आणखी एकदा फिरतं: सही करायची खासगी ‘की’ने, आणि ती खरी आहे का हे कोणीही सार्वजनिक ‘की’ने पडताळायचं. म्हणून या विषयावर मराठीत लिहिताना पहिल्या उल्लेखाला ‘सगळ्यांना दिलेलं कुलूप’ आणि ‘आपल्याजवळची किल्ली’ असं समजावून, मग ‘पब्लिक की’ आणि ‘प्रायव्हेट की’ हे शब्द तसेच ठेवलेले बरे. सहीच्या भागात आलं की कुलपाची उपमा तिथेच सोडून शिक्का आणि त्याचा नमुना यांच्याकडे वळावं: शिक्का एकाकडे, ताडून बघायचा नमुना सगळ्यांकडे.